मुरूम

रस्त्यावरचा आणि गालावरचा,
आपल्याकडे शब्द एकच.
मानोऱ्याच्या पुढे दोन वर्षं झाली
नुसता मुरूम टाकून ठेवलाय ठेकेदारानं,
डांबर यायचं आहे म्हणतात.
गाडी तिथं आली की काचा बोलायला लागतात,
मी तिकिटाचं मशीन पोटाशी धरते,
आणि समोरच्या सीटवरची कुणीतरी
माझ्या हनुवटीकडे पाहून तोंड उघडते.

"कंडक्टर बाई, कडुनिंबाचा पाला वाटून लावून पाहा."
"जायफळ उगाळा, दुधात."
"माह्या भाचीचं लगन झालं अन् गेले पाहा सारे."
सुटे द्या, म्हणते मी.
सोळाव्या वर्षी आले असते
तर लोकांनी वयावर ढकललं असतं.
चौतिसाव्या वर्षी
ढकलायला माणूस लागतो.

यवतमाळला सोनोग्राफीच्या आधी
बाटलीभर पाणी पिऊन दीड तास बसले, पाय आवळून.
त्याचं काही नाही, ड्युटीवर सवय असते.
अर्ध्या स्टँडवर बायकांच्या संडासाला कुलूप.
डॉक्टरीणबाई पडद्यावर पेन टेकवून म्हणाल्या,
"ह्या बघ बारीक गाठी, कडेकडेनं,
मोत्यांच्या माळेसारख्या."
घरी आईला तेवढंच सांगितलं.
"मोती?" आई म्हणाली. "अन् आपल्या घरी?"
हसलो दोघी.
मग ती उठली आणि
घासलेली भांडी पुन्हा घासत बसली.

एकवीस दिवस गोळी, सात दिवस खाडा.
रात्री वाटाण्याएवढं मलम, अख्ख्या तोंडाला,
पहिला महिनाभर साल निघायची
भाजलेल्या वांग्यासारखी.
चहा बिनसाखरेचा.
कँटीनच्या वाघाडेला वाटलं मी रुसले त्याच्यावर.

मेडिकलवाल्यानं पाकीट काळ्या पिशवीत बांधलं,
बांधताना बाजूच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं,
आणि ती गोष्ट गावात
माझ्या गाडीच्या आधी पोचली.
काकू ओसरीत येऊन बसली.
"कुमारी पोरीले कायच्या व गोळ्या?"
आई कधी कुणाला उलटून बोलत नाही.
"पित्ताच्या," म्हणाली,
सूप पाखडता पाखडता, वर न पाहता.
त्या रात्रीपासून पाण्याचा गडू
माझ्या उशाशी तीच आणून ठेवते.

मला मे महिना आवडतो.
कुणाला सांगितलं तर वेडी म्हणतील,
सत्तेचाळीस पारा, सीटचा लोखंडी दांडा चटके देतो.
पण साऱ्या बाया दुपट्ट्यानं तोंड बांधून चढतात,
नुसते डोळे तिकीट मागतात,
आणि मीही नुसत्या डोळ्यांनी देते.
दोन महिने कुणाच्याच गालावर काही नसतं.

मग दुपट्टे सुटतात.

परवा फाट्यावर ड्रायव्हर सुकळकर खर्रा घोटायला उतरले.
गाडीत दोन म्हाताऱ्या, झोपलेल्या,
आणि कॉलेजची एक पोरगी,
पास उजव्या हातात, डावा हनुवटीवर.
मुरमाच्या ढिगावर बकरी चढून उभी होती,
तिच्याकडे पाहत पोरीनं विचारलं,
"ताई, तुमचे गेले?"
"कमी झाले. चार महिने लागले.
गोळी सोडली की येतात थोडे परत."
खोटं बोलले असते तर बरं वाटलं असतं दोघींना.
"फोडू नको फक्त. अन् पाळी वेळेवर येते का?"
तिनं म्हाताऱ्यांकडे पाहिलं,
मग मांडीवरच, ओढणीच्या आड,
पाच बोटं उघडली.

एक कोरं तिकीट फाडलं.
मागं दवाखान्याचं नाव लिहिलं, मंगळवार, दुपारी दोननंतर,
पेन दाबून दाबून, त्या गुळगुळीत कागदावर शाई धरत नाही.
आईला सोबत ने, असंही लिहिणार होते,
पण मला तिची आई माहीत नाही.

सुकळकर चढले. डबल घंटी.
गाडी त्या मुरमावरून अशी काही उसळली
की पोरीला दांडा धरावाच लागला,
दोन्ही हातांनी.